दीड ते साडेतीन एसी बंद

मी वाईट बाई हाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं 'अगं बाई, अशी कशी' म्हणत बसायला नको. नांदेडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं झाली अटेंडंट हाय. नवरा इथंच शिपाई होता. तो गेला तवा अनुकंपावर मला घेतलं. बाटल्या धुवायच्या, सामान उकळून निर्जंतुक करायचं, पोरांनी फोडलेल्या काचा उचलायच्या, हे माझं काम. सर लोक मला गुणाबाई म्हणतात, पोरी मावशी म्हणतात.

शिवांगीपण मावशीच म्हणायची. निलंग्याकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची पोरगी. बाप शेषेराव दर दिवाळीला येऊन सरांना तुरीची डाळ देऊन जायचा आणि मला नुसता रामराम. पोरगी अंबरीश सरांच्या हाताखाली पीएचडी करून राहिली होती. निलंग्याच्या ज्युनियर कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडून आली होती. अंगानं काडी, पण बोलायला लागली की थांबायचं नाव न्हाई.

तिचं काम होतं शेवाळावर. मी शेवाळ म्हटलं की चिडायची. "मावशी, शेवाळ न्हाई हो हे! मार्केन्शिया हाय. जमिनीवर पहिल्यांदा जी झाडं आली ना, त्यांच्यातलं." झाड म्हणे! खोड न्हाई, फूल न्हाई, धड मूळ न्हाई. ओल्या मातीला चिकटलेल्या हिरव्या चपट्या पट्ट्या. गावाजवळच्या जुन्या पायऱ्यांच्या बारवेतून, आतल्या दगडावरून खरवडून आणलं होतं तिनं. ते काचेच्या बशांत वाढवायचं, गरम करायचं आणि मरतं का जगतं ते बघायचं. पाच वर्षं हेच.

एकदा तिनं मला समजावून सांगितलं. सांगायची तिला लई हौस. म्हणाली, "मावशी, याला डोळे न्हाईत, कातडी न्हाई, मग ऊन वाढलं हे याला कसं कळतं? प्रत्येक पेशीत एक राखणदार असतो. एरवी त्याला चार मदतनीस धरून बसलेले असतात, हलू देत न्हाईत. ऊन वाढलं की पेशीतलं बाकीचं सामान मोडायला लागतं. मग मदतनीस याला सोडून तिकडं सावरायला पळतात. हा मोकळा सुटला की आत जाऊन सांगतो, अजून मदतनीस तयार करा! आपल्या भातात असे वीस-पंचवीस राखणदार असतात. याच्याकडं एक-दोनच. तरी भागवतंय बघा."

तिचा प्रयोग असा होता. काही बशांना आधी तासभर सदतीस अंशांची ऊब द्यायची, दोन दिवस बावीस अंशांत आराम द्यायचा, मग बेचाळीसच्या कडक पेटीत टाकायचं. त्या जगतात. कामून, तर मदतनीस आधीच तयार असतात. दुसऱ्या बशा सरळ थंडीतून कडक पेटीत टाकायच्या. त्या आठवड्यात पांढऱ्या पडून मरतात. असं तीन वेळा सारखं निघालं पाहिजे, तरच कमिटी हो म्हणते. डिसेंबरात एकदा निघालं, फेब्रुवारीत दुसऱ्यांदा निघालं. तिसरी खेप राहिली होती. मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली. एकतीस मेला नोंदणी संपत होती, त्याच्या आत न्हाई झालं तर पाच वर्षं पाण्यात.

आता माझं ऐका. मार्चात तिच्या आठ-दहा बशांना बुरशी लागली. बुरशी काय, हवेतूनपण लागते. पण त्या दिवशी बाहेरचे चार पाहुणे लॅब बघायला आले होते, सर त्यांना मिरवून दाखवत होते, आणि बशा काळ्या. सरांचा चेहरा पडला. शिवांगीनं माझ्याकडं बोट केलं. "सर, मावशी हात न धुता आत येतात. किती वेळा सांगितलं, त्यांना कळतच न्हाई." सगळ्यांच्या देखत! पाहुणे हसले. सर म्हणाले, "गुणाबाई, उद्यापासून प्लेटांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही." आणि दुसऱ्या दिवशी लेखी मेमो.

बावीस वर्षांत पहिला मेमो. मी हात धुतले होते. डेटॉलनं धुतले होते. मला काय वाटलं ते सांगू? वाटलं, हिच्या बापाला मी दरवेळी पाणी दिलं, चहा दिला, आणि ही उलटून मलाच? सर बोलले असते तर मी गिळलं असतं, सरांची जातच बोलण्याची. पण ही माझ्यासारख्याच घरातली, हिनं मला घाण म्हणावं? रात्रभर अंगाचा नुसता तिळपापड.

त्या खोलीत पाऊल टाकायचं न्हाई? न्हाई टाकलं. पण खोलीच्या एसीचं बटण खोलीत नव्हतं. ते बाहेर व्हरांड्यातल्या बोर्डावर होतं, माझ्या स्टुलाच्या अगदी डोक्यावर. आणि ऑफिसचं वीज वाचवायचं पत्रक भिंतीला चिकटवलेलंच होतं: दुपारी दीड ते साडेतीन सर्व एसी बंद ठेवावेत. तोंडी सगळ्यांना माहीत होतं की शेवाळाची खोली सोडून. पण कागदावर तसं कुठं लिहिलंय? मी म्हटलं, आता कागदाप्रमाणंच चालायचं. मेमो कागदावर, तर पत्रकपण कागदावर.

सोळा मार्चपासून रोज दीड वाजता मी ते बटण बंद केलं. साडेतीनला चालू केलं. बाहेर चाळीस-बेचाळीस, आत ट्यूबलाइटांच्या रांगा, वर पत्र्याचं छत. मी म्हटलं, शिजू दे हिचं शेवाळ. रडू दे हिला. हाव, असंच म्हटलं.

तिला कळलं कसं न्हाई? सोपं हाय. सर तिला रोज एक ते चार आपल्या केबिनमध्ये बसवायचे, कुठल्या ना कुठल्या कमिटीच्या फायली भरायला. पीएचडीची पोरगी म्हणजे फुकटची कारकून. डबापण तिथंच खायची. आणि खोलीचं तापमान लिहायची पद्धत सरांनी लावलेली: सकाळी दहाला एकदा, संध्याकाळी पाचला एकदा. पाचपर्यंत खोली परत गार. वहीत सगळीकडं बावीस, बावीस, बावीस. वही बघून कुणीपण म्हणावं, वा, काय व्यवस्था हाय.

मी वाट बघत बसले, बशा कधी करपतात. एक दिवस गेला, आठवडा गेला. दारातल्या काचेतून डोकावून बघायची. मेलं न्हाईच! उलट आणखी हिरवंगार. मला बाई राग आला. रोज दोन तास भट्टी लावते मी, आणि हे मरत न्हाई म्हणजे काय?

एप्रिलात तिनं तिसरी खेप केली. आठवड्यानं बशा काढल्या. ऊब दिलेल्या हिरव्या, आणि न दिलेल्यापण हिरव्या. दोन्ही जगल्या. ज्या मरायच्या त्या मेल्याच न्हाईत. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. बशांवरच्या चिठ्ठ्या वाचायची, परत वाचायची.

सरांनी तिला लॅबमध्येच फैलावर घेतलं. एमएस्सीची पंधरा पोरं समोर. "अदलाबदल केलीस. बियाण्याची पोती मिसळावीत तशा प्लेट मिसळल्यास. घरची सवय दिसते." पोरं फिसकन हसली. ती म्हणाली, "सर, मी मिसळल्या न्हाईत." सर म्हणाले, "मग निसर्गानं तुझ्यासाठी नियम बदलले का? परत कर. आणि फायली कमी होणार नाहीत, सांगून ठेवतो." मी कोपऱ्यात बाटल्या धुवत होते. खोटं कशाला बोलू, मला गार वाटलं.

मेच्या सुरुवातीलाच तिनं परत केलं. या वेळी प्रत्येक बशीवर दोन-दोन चिठ्ठ्या, फोटो, सही, तारीख. पेटीला कुलूप लावून किल्ली गळ्यात. परत सगळं हिरवं.

त्या दिवशी संध्याकाळी ती व्हरांड्यात आली आणि माझ्या स्टुलाशेजारी खाली फरशीवर बसली. मार्चपासून आमचं बोलणं न्हाई. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, तुम्ही बावीस वर्षं इथं हायत. खूप जणांचं काम बघितलं असंल. माझं काय चुकून राहिलंय?"

"मला काय कळतं? मी तर हातपण धूत न्हाई."

तिनं मान खाली घातली. पण गेली न्हाई. स्वतःशीच बोलल्यागत बोलत राहिली. "एकच गोष्ट होऊ शकते. यांना आधीच ऊब मिळाली असणार. कुणी तरी यांना रोज थोडं थोडं तापवलंय आणि परत गार केलंय. मदतनीस आधीच तयार हायत. म्हणून बेचाळीसला मरत न्हाईत. पण कुठून मिळंल ऊब? वहीत बावीसच हाय. मीच लिहिलंय ना."

मला तवा कळलं. बघा, अडाणी बाई मी, पण बावीस वर्षं हेच ऐकतेय. मी मारायला गेले होते आणि मीच त्यांना तयार करून राहिले होते. दीड ते साडेतीन ऊब, मग आराम. तिच्या प्रयोगात जे होतं तेच, रोज, फुकट. बशा मरत न्हाईत म्हणून मरत होती ती.

एक वाक्य होतं. 'लेकी, दुपारी मी एसी बंद करते.' एवढंच. ती उठून नाचली असती, हे मला ठाऊक होतं. वेळ होता, तीन आठवडे होते, एक खेप सहज झाली असती. ते वाक्य पार दातांपर्यंत आलं. आणि मला ते पाहुणे दिसले, हसणारे. मी म्हटलं, "अंधार पडला, बस चुकंल तुझी. जा." ती गेली. दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी बटण बंद केलं.

एकोणतीस मेला कमिटी बसली. लातूरहून गोदावरी मॅडम आल्या होत्या, परीक्षक म्हणून. पांढरे केस, गळ्यात चष्मा, बोलणं कमी. मी पाण्याचे ग्लास ठेवून दाराशी उभी. शिवांगीनं पडद्यावर सगळं दाखवलं, न लपवता. दोन वेळा बरोबर, दोन वेळा चूक, का ते माहीत नाही, असंही सांगितलं. अंबरीश सर खुर्चीत चुळबुळत होते.

मॅडमनी चष्मा लावला. "या प्लेटांनी उष्णता पाहिलेली आहे. माझी खात्री आहे. खोलीतला एसी कधी बंद पडतो का? वीज जाते?"

"जनरेटर आहे मॅडम," सर पटकन म्हणाले. "एसी चोवीस तास चालू असतो. या गुणाबाईंनाच विचारा, बोर्ड त्यांच्या ताब्यात असतो."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. बावीस वर्षांत कमिटीनं मला काही विचारलं नव्हतं. मॅडम मला 'अहो बाई' म्हणाल्या. "अहो बाई, नीट आठवून सांगा. दुपारी वगैरे कधी बंद होतो का? झाला असेल तर या मुलीचं कोडंच सुटेल."

शिवांगी माझ्याकडं बघत होती. नुसती आस. तिला वाटत होतं, मावशी काही तरी सांगतील.

"न्हाई मॅडम," मी म्हटलं. "बाकीचे बंद करते, ती खोली सोडून. तिथला कधीच बंद होत न्हाई."

भीती नव्हती मला तवा. लोकांना वाटंल नोकरीला भ्यायली. न्हाई. मला फक्त एवढंच पाहिजे होतं की माझ्यासारखंच बाहेरच्या पाहुण्यांच्या देखत तिच्याकडं कुणीतरी बोट करावं आणि तिच्याकडं उत्तर नसावं.

मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "मुली, मग चूक तुझी. प्लेट मिसळल्या असं लिहून दे, मी तीन महिन्यांची मुदत मागून देते." सरपण म्हणाले, लिही लवकर. पोरगी उभीच. म्हणाली, "मी मिसळल्या न्हाईत मॅडम. जे झालंच न्हाई ते कसं लिहू?" मॅडमना राग न्हाई आला, वाईट वाटलं. पण कागदावर त्यांनी लिहिलं की निष्कर्ष पुन्हा मिळत नाहीत, शिफारस करता येत नाही. सरांनी सही केली. पेन खिशाला लावताना म्हणाले, "मी पहिल्या वर्षीच म्हटलं होतं, झेपणार नाही."

दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, ती सामान न्यायला आली. फायलींचं काम संपलेलं, दुपारी मोकळी होती. पाच वर्षांत पहिल्यांदा ती दीड वाजता व्हरांड्यात होती. आणि माझा हात बटणावर. आता कशाला बंद करत होते मी? सवय, दुसरं काय.

तिनं बटण बघितलं. त्याच्यावरची खोलीच्या नावाची चिठ्ठी बघितली. हातातलं खोकं खाली ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी काचेतून बघितलं तर ती भिंतीवरच्या तापमापकासमोर उभी. तासभर उभी होती. बाहेर आली तवा घामानं चिंब, ओढणी पाठीला चिकटलेली, आणि हसत होती हो! "छत्तीस! मावशी, तासात छत्तीस! बरोबर होत्या माझ्या बशा! माझं झाड बरोबर होतं!" आणि पळत सरांच्या केबिनकडं.

दार उघडंच होतं. मला सगळं ऐकू आलं. सर म्हणाले, "आता काय उपयोग?" ती म्हणाली, "उद्यापर्यंत मुदत हाय सर, मॅडमना फोन करा." सर म्हणाले, "तोंडी बोलण्यावर मी मॅडमना फोन करणार नाही. गुणाबाईंनी लेखी दिलं तर बघू." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि सर स्वतः व्हरांड्यात आले. माझ्याकडं बघून अगदी शांतपणे म्हणाले, "द्या ना लेखी, गुणाबाई. फक्त कमिटीसमोर खोटं बोललात, तर दुसरा मेमो मला काढावा लागेल. मग चौकशी. रिटायर व्हायला किती, तीन वर्षं राहिली ना?" आणि आत गेले.

शिवांगी वही घेऊन माझ्यासमोर बसली. मला वाटलं आता शिव्या देईल. मान खाली घालून मी तयार होते. तिनं विचारलं, "कधीपासून?"

"सोळा मार्च."

"रोज?"

"रविवार सोडून."

"किती ते किती?"

"दीड ते साडेतीन."

ती लिहीत गेली. अक्षर सुंदर हाय तिचं. मग मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं? की याच्यामुळंच होतंय?"

"हाव."

"काल मॅडमनी विचारलं त्याच्या आधी?"

"हाव. तू इथं खाली बसून विचारलंस, तवाच."

पेन थांबलं. मग तिनं आणखी एक ओळ लिहिली, खाली उपरोक्त माहिती खरी आहे असं घातलं, आणि वही माझ्याकडं फिरवली. "शेवटचं सोडून सगळं लिहिलंय, मावशी. तुम्हाला माहीत होतं हे न्हाई लिहिलं. चुकून बंद केलं असं लिहिलंय. तुमच्यावर यायला नको म्हणून. इथं सही करा."

मी वाचलं. खरंच तसं लिहिलं होतं. तिनं मला वाचवलं होतं त्यात, जेवढं वाचवता येईल तेवढं. केबिनच्या दारात सरांची सावली होती. या वेळी मात्र मला भीती वाटली. अंगातला राग कुठं गेला होता कळंना, उरली होती नुसती भीती. तीन वर्षं, पेन्शन, म्हातारपणी कोण बघणार. पेन माझ्या बोटांत होतं.

"मला सही येत न्हाई," मी म्हटलं.

बावीस वर्षं रोज सकाळी हजेरीपटावर सही करते मी. ती रोज माझ्या खालीच सही करायची.

 तिनं माझ्या बोटांतून पेन हळूच काढून घेतलं, टोपण लावलं. वही खोक्यात टाकली, वर दोन बशा ठेवल्या, हिरव्या. जिन्यापर्यंत गेली आणि थांबली, म्हणून मला वाटलं आता तरी काही बोलंल, थुंकंल, काही तरी. तिनं फक्त खोकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि उतरून गेली. साडेतीन वाजले होते. मी एसी चालू केला.